गोधडीचं दुकान, दाराजवळच्या खुर्चीवरून

गोधडी शिवायचं कापड आणि सामान विकणाऱ्या या दुकानात शिरलं की डाव्या हाताला एक वेताची खुर्ची आहे, एका हाताचा वेत सुटलेली. तिच्यावर तसं काही लिहिलेलं नाही, पण ती नवऱ्यांची खुर्ची आहे. बायको आत कापड बघते आणि नवरा खुर्चीत बसून घड्याळ बघतो. मी त्या खुर्चीत जवळजवळ दीड वर्ष, दर शनिवारी बसलो. त्यामुळे या दुकानाबद्दल बोलायचा माझा हक्क इतरांपेक्षा जरा जास्त आहे. गिऱ्हाईक वीस मिनिटं दुकान बघतं. मी दोन-दोन तास बघितलंय, तेही काहीही विकत न घेता.

दुकानाचं नाव लिहीत नाही. आतल्या टेबलाभोवती आठ खुर्च्या आहेत आणि बसणारे आम्ही आधीच नऊ आहोत. हे वाचून अजून चार आले, तर माझी रवानगी पुन्हा दाराजवळ होईल.

माझं आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलं. आधी लेथ, मग मिलिंग, शेवटची काही वर्षं इन्स्पेक्शन. इंचाच्या हजाराव्या भागाला आम्ही ‘थाऊ’ म्हणायचो आणि दोन थाऊ इकडेतिकडे झालं की जॉब बाजूला काढायचो. कापड हा मोजायचा प्रकार आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. ओढलं की वाढतं, सोडलं की आकसतं. असल्या मालाचं ड्रॉइंग कोण काढणार?

खुर्चीतून मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते एका सुईमुळे. आत कुणीतरी मशीनवर शिवत होतं आणि प्रत्येक टाक्याला बारीक टप् टप् आवाज येत होता. चांगली सुई कापडात गुपचूप शिरते. आवाज येतोय म्हणजे ती शिरत नाहीये, भोसकतेय. बोथट ड्रिलचंही असंच असतं. मी बसल्या जागेवरून म्हणालो, “सुई गेलीय तुमची.” आमची ही माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी तिच्या माहेरच्यांसमोर काहीतरी बोललो. मालकीणबाई मात्र उठल्या, सुई काढली, टोक नखावरून फिरवलं. ते अडकलं. “कान चांगला आहे काका तुमचा,” त्या म्हणाल्या. “आता आत या, डोळे कसे आहेत तेही बघू.”

त्या दिवशी एक नवीन गोष्ट कळली. सुईच्या पाकिटावर ८०/१२, ९०/१४ असे जे आकडे असतात, त्यातला मोठा आकडा म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ८० म्हणजे ०.८० मिलिमीटर. घरात एवढी वर्षं शिलाई मशीन आहे, त्यात मी तेल घालतो, पट्टा बदलतो, आणि हे मला माहीत नव्हतं! बाई तुकडे जोडायला ८० ची सुई देतात आणि गोधडीचे तिन्ही थर, म्हणजे वरचं कापड, मधलं भरण आणि खालचं अस्तर, एकत्र शिवायला ९० ची. सात-आठ तास शिवून झालं की सुई टाकून द्या म्हणतात, मोडायची वाट बघू नका. सुया विकतात म्हणून सांगत असतील, असं मला आधी वाटलं होतं. पण बोथट सुईने शिवलेलं कापड त्यांनी भिंगाखाली दाखवलं. धागे बाजूला सरायच्या ऐवजी तुटलेले होते. इन्स्पेक्शनमधल्या माणसाला भिंगाखाली काही दाखवलं, की त्याचं तोंड बंद होतं.

आता दुकानाबद्दल. एकच मोठी खोली आहे, मागे पडदा आणि पडद्याआड टेबल. कापडाचे गठ्ठे कंपनीप्रमाणे लावलेले नाहीत, रंगाप्रमाणेही नाहीत. फिक्यापासून गडदपर्यंत असे लावले आहेत. मला ते काही महिने गबाळेपणा वाटत होता. पिवळ्याशेजारी फिका गुलाबी, त्याच्याशेजारी राखाडी, हे काय लावणं झालं? मग बाईंनी एकदा समजावलं, की गोधडीचं नक्षीकाम रंगावर उभं राहत नाही, फिक्या-गडदपणावर राहतं. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले की उठून दिसतात असं आपल्याला वाटतं, पण दोन्ही सारखेच गडद असले तर दहा फुटांवरून त्यांचा एकच डाग होतो. त्यासाठी त्यांची युक्ती सोपी आहे. निवडलेली कापडं काउंटरवर शेजारी ठेवायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करायचा. ज्या दोन कापडांमधली रेघ फोटोत दिसत नाही, त्यातलं एक परत ठेवायचं. मी बघितलंय, निम्म्या बायका एक कापड परत ठेवतात. दुकानदार स्वतःहून गिऱ्हाइकाला माल परत ठेवायला लावतोय, हे बघायलाही खुर्चीत बसायला हरकत नाही.

याच्याच बरोबर पहिली तक्रारही लिहून टाकतो. काउंटरवरचा दिवा पिवळा आहे. त्या उजेडात पांढरं आणि मोतिया सारखंच दिसतं, निळा आणि जांभळा तर विचारूच नका. हिने घेतलेला निळा घरी आल्यावर जांभळा निघाला, आणि तीन आठवडे मीच दोषी होतो, कारण “बसले होतात ना तिथे, सांगायचं नाही?” गठ्ठा उचलून दारापाशी उजेडात न्या. बाई नको म्हणत नाहीत. दिवा बदलते म्हणून त्या वर्षभर सांगतायत.

कापड मोजून देण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नाही. कापायच्या आधी त्या कडा सरळ करून घेतात आणि ती चिंधी तुमच्या मापात धरत नाहीत. फॅट क्वार्टर नावाचा एक तुकडा मिळतो. नवख्या माणसाला हा शब्द फार गोंधळात टाकतो. आहे तो पाव वारच. पण सरळ पाव वार घेतला तर ९ इंच उंचीची आणि ४४ इंच लांबीची पट्टी हातात येते, तिच्यातून मोठा चौकोन निघत नाही. म्हणून अर्धा वार कापून तो मधोमध उभा फाडतात, की १८ बाय २२ चा तुकडा मिळतो. कापड तेवढंच, उपयोग जास्त. मी सवयीने पाच-सहा तुकडे मोजले. बांधून आलेल्या तयार गठ्ठ्यातला एक तुकडा अर्धा इंच कमी भरला. बाईंनी कापलेला एकही नाही.

आता पाव इंचाची गोष्ट, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो.

हिचे चौकोन जुळत नव्हते. नऊ-नऊ चौकोनांच्या ओळी, आणि एकेक ओळ वेगळ्याच लांबीची. ही म्हणायची कापडच वाकडं आहे. मी घरी स्टीलची पट्टी काढली. कापलेले चौकोन बरोबर होते, चूक शिवणीत होती. गोधडीत शिवणीला पाव इंच सोडतात. हिची शिवण पाव इंचापेक्षा एक बत्तिसांश इंच जास्त खात होती, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही एवढी. पण शिवण दोन्ही बाजूंच्या कापडातून खाते, म्हणजे झाला एक सोळांश. नऊ चौकोनांत आठ शिवणी. आठ सोळांश म्हणजे अर्धा इंच! एका ओळीत अर्धा इंच कुठे गेला, याचा हिशेब पाच मिनिटांत लागला आणि मी विजयी चेहऱ्याने तो कागद घेऊन दुकानात गेलो.

बाईंनी कागद वाचला आणि ड्रॉवरमधून तीन पट्ट्या काढल्या, प्रत्येक दीड इंच रुंद. “या शेजारी शेजारी शिवा आणि इस्त्री करून मधली मोजा,” म्हणाल्या. मधली पट्टी दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच खाऊन बरोबर एक इंच उरायला पाहिजे. मी स्वतः शिवली, आयुष्यात पहिल्यांदा. कड बरोबर पाव इंचाच्या खुणेवर धरली होती. मोजली, तर इंचाला थोडी कमी. पुन्हा शिवली, पुन्हा कमी. मला घाम फुटला. मग त्यांनी सांगितलं, की शिवण दुमडून एका बाजूला दाबली की त्या घडीत कापडाची जाडी जाते, धाग्या-दोन धाग्यांएवढी. म्हणून टाका पाव इंचाच्या किंचित आत घ्यायचा, एक धागा आत. ड्रॉइंगवर पाव इंच लिहायचं आणि शिवताना जरा कमी शिवायचं. पत्रा वाकवताना घडीत जाणारी लांबी आधीच हिशेबात धरतात, त्याला बेंड अलाउन्स म्हणतात, तेच हे. इतकी वर्षं मी ज्याला बायकांचं काम समजत होतो, त्यात बेंड अलाउन्स आहे हे कळल्यावर मी त्या दिवशी बसस्टॉपपर्यंत गप्प होतो. ही खूश होती.

तेव्हापासून टेबलावरच्या आजी मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात. आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, मशीनला हात लावत नाहीत. सगळं हाताने, दहा नंबरच्या आखूड सुईने. हातशिलाईच्या सुयांचं उलटं असतं, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. वरच्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्ताना, खालचा हात गोधडीच्या पोटाशी, आणि सुई झुल्यासारखी वरखाली डोलवत एका वेळी चार-पाच टाके सुईवर चढवून मग ओढायची. मी त्यांचे टाके मोजले. इंचाला दहा, वरून दिसणारे. पुढच्या इंचातही दहा. मी म्हटलं, आजी, हे कसं जमतं? त्या म्हणाल्या, “मोजायचं सोडलं की जमतं.” मला हे उत्तर अजिबात पटलेलं नाही, पण दहा म्हणजे दहाच आहेत.

टेबलावर बसायला वर्गणी नाही, विकत काही घ्यायची सक्ती नाही. आपलं काम आणायचं आणि बसायचं. एक नर्सबाई रात्रपाळी संपवून येतात आणि झोपायच्या आधी तासभर नुसती किनार शिवतात. त्यांच्यामुळे टेबलाला एक कामही लागलंय. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेटीवर घालायच्या छोट्या गोधड्या. आतल्या बाळाच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. आम्ही भोळेपणाने बटणं, लोकर, फिती वगैरे लावायला निघालो होतो. नर्सबाईंनी सगळं उडवून लावलं. सुटून पडेल असं काही नको, कडक पाण्यात धुता येईल असं सुती पाहिजे, वरचं कापड नाजूक रंगाचं चालेल पण आतलं अस्तर गडदच हवं. इतकं स्वच्छ स्पेसिफिकेशन मला नोकरीतही फार वेळा मिळालं नव्हतं.

एक शाळकरी मुलगा येतो, आईबरोबर. त्याला शिवण्यात रस नाही, कापण्यात आहे. त्याने एकदा विचारलं, की आजोबा, चार इंचाचे त्रिकोण हवे असले तर तिरपा दुभागायचा चौकोन चार पूर्णांक सात अष्टमांश इंचाचा का कापायचा? हा सात अष्टमांश आला कुठून? टेबलावरच्या सगळ्या बायका वर्षानुवर्षं तो आकडा वापरतायत, कुणालाच माहीत नव्हतं. मी दोन दिवस घेतले. काटकोन त्रिकोणाला चहूबाजूंनी पाव इंच शिवण सोडायची, तर तिरप्या बाजूकडे टोक लांबतं. हिशेब केला, की दोनमध्ये दोनचं वर्गमूळ मिळवायचं आणि त्या बेरजेला पाव इंचाने गुणायचं, म्हणजे ०.८५३६ इंच येतात. सात अष्टमांश म्हणजे ०.८७५. एकवीस थाऊ जास्त! मी सोमवारी दुकान उघडायच्या आधी दारात उभा. बाईंनी कुलूप काढता काढता ऐकलं आणि म्हणाल्या, “बरोबर आहे, म्हणून तर मी पूर्ण एक इंच जास्त घेते आणि शिवून झाल्यावर छाटते.” मुलाने मात्र ते वहीत लिहून घेतलं. निदान एकाने.

कापायचं म्हटल्यावर चाकाच्या सुरीबद्दल लिहायलाच हवं, कारण ती या दुकानातली सगळ्यात जास्त विकली जाणारी आणि सगळ्यात धोकादायक वस्तू आहे. मशीन शॉपमध्ये आम्ही जे मोडत मोडत वापरायचं पातं वापरायचो, टोक बोथट झालं की रेघेवर मोडून टाकायचं, ते १९५६ साली योशिओ ओकादा या जपानी माणसाने काढलं. त्याच्याच ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये कापडासाठी फिरतं गोल पातं आणलं. त्याआधी गोधडीचा एकेक तुकडा पुठ्ठ्याच्या साच्यावरून आखून कातरीने कापायचे. आता कापडाच्या चार घड्या, वर जाड पट्टी, खाली चटई, आणि एक फटका. बाई नवीन माणसाला ही सुरी देताना पाच मिनिटं नुसती उघडझाप करायला लावतात. प्रत्येक कापानंतर पातं बंद. टेबलावर उघडी सुरी दिसली, तर त्या बोलणं अर्धवट सोडून आधी ती बंद करतात. पातं एका जागी धागा सोडून जायला लागलं की त्याला दात पडला समजायचं आणि बदलायचं. जोर लावला की पट्टीवरून घसरून बोटावर येतं. ज्यांची दहाही बोटं शाबूत राहिली त्या फिटर लोकांपैकी मी एक आहे, तेव्हा हे मी गांभीर्याने सांगतोय.

न विकण्याबद्दल एक प्रसंग. एक मुलगी मोबाइलमध्ये लांबलचक यादी घेऊन आली. सहा प्रकारच्या पट्ट्या, मशीनवर कापड दाबून धरणारे पाच प्रकारचे पाय, खुणा करायची पेनं, चिकटवायचा फवारा. बाईंनी विचारलं, काय शिवायचंय? बाळाची गोधडी, पहिलीच. तिला एक सुरी, एक चटई, एक लांब पट्टी दिली आणि घरी आहे तेच मशीन वापरायला सांगितलं. पेनांबद्दल तर स्पष्ट नाही म्हणाल्या. इस्त्रीने पुसली जाणारी शाई कडाक्याच्या थंडीत परत उमटू शकते. पाण्याने जाणाऱ्या निळ्या शाईवर चुकून इस्त्री फिरली, तर ती कायमची बसते. “साबणाचा पातळ झालेला तुकडा आहे का घरी? तो वापर.” मुलगी जरा हिरमुसलीच. चार महिन्यांनी ती उरलेल्या यादीतल्या तीन वस्तू घ्यायला आली. बाकीच्या तिला लागल्याच नव्हत्या.

मी शहाणपणा करून एकदा दुसरीकडून कापड घेतलं. कुठून ते सांगत नाही. स्वस्त होतं आणि लाल रंग झकास होता. पांढऱ्याबरोबर शिवला, पहिल्या धुण्यात पांढरा गुलाबी झाला. तसाच ओला गोळा पिशवीत घालून दुकानात गेलो. बाई काही बोलल्या नाहीत, हेच वाईट. वाळू देऊ नका, एवढंच आधी म्हणाल्या. मग कृती सांगितली. मोठ्या टबात कडक गरम पाणी, गोधडी पूर्ण बुडून मोकळी हलेल इतकं भरपूर, त्यात भांड्यांचा पातळ साबण, आणि रात्रभर तशीच ठेवायची. पाणी लाल झालं की बदलायचं. सुटलेला रंग पाण्यात अधांतरी राहिला पाहिजे, दुसऱ्या कापडावर बसायला त्याला सवड मिळता कामा नये. तीन पाणी बदलली, ऐंशी टक्के गेला. उरलेला अजून आहे. आता गडद लाल किंवा निळं कापड असेल, तर आधी चिंधी ओली करून पांढऱ्या फडक्यावर इस्त्रीने दाबतो. फडक्याला डाग लागला की ते कापड वेगळं काढतो.

एका रविवारी एक बाई मोठी पिशवी घेऊन आल्या. वडिलांचे शर्ट आणि बनियनवजा टी-शर्ट. वडील तीन महिन्यांपूर्वी गेले होते. त्यांना गोधडी करून हवी होती, पण कातर चालवायचा धीर होत नव्हता. मालकीणबाईंनी पिशवीतला एकही कपडा काउंटरवर काढला नाही. त्यांनी आधी तांत्रिक गोष्टी सांगितल्या. टी-शर्टाचं कापड ताणलं जातं, त्याला मागून फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, चिकटवल्याशिवाय चौकोन चौकोन राहणार नाही. शर्टाचे खिसे उसवू नका, तसेच घ्या. कॉलरच्या आतली पट्टीही घेता येईल. मग त्या बाईंनी विचारलं, माप काय ठेवू? तेव्हा मालकीणबाईंनी एड्सच्या गोधडीबद्दल सांगितलं. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल नावाच्या मैदानावर ती पहिल्यांदा अंथरली, १,९२० तुकडे, एकेक तुकडा त्या आजाराने गेलेल्या माणसाच्या नावाचा. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, एका माणसाला जमिनीत जेवढी जागा लागते तेवढा. त्या बाईंनी तेच माप घेतलं. पहिला शर्ट आजींनी कापला, कारण त्यांनी विचारलं नाही, सरळ कापला.

आता दुसरी आणि मोठी तक्रार. दुकानात लाँगआर्म मशीन आहे, ज्यावर पूर्ण गोधडी ताणून तिन्ही थर एकदम शिवून मिळतात. तुम्ही वरचा थर जोडून न्यायचा, अस्तर प्रत्येक बाजूने चार इंच मोठं द्यायचं, बाकी त्या करतात. आम्हाला सहा आठवडे सांगितले होते. अकरा लागले. फोन केला तर उचलत नाहीत. प्रत्यक्ष गेलं की इतक्या प्रेमाने बोलतात, की भांडणच करता येत नाही. अकरा आठवड्यांनी गोधडी मिळाली, मी उलटी केली आणि बघितलं, तर वळणांवर दोरा पापणीच्या केसांसारखा एका बाजूला ओढलेला. ताणाचा दोष, वरच्या आणि बॉबिनच्या दोऱ्याचा ताण जुळत नाही किंवा वळणावर वेग जास्त. मी काही बोलायच्या आत बाईंनी बोट ठेवलं. “हे माझं चुकलंय, उसवून देते.” चार दिवस त्या आणि टेबलावरच्या दोघी सीम रिपर, म्हणजे टाके उसवायचं टोकदार हत्यार, घेऊन बसल्या होत्या. पुन्हा शिवून दिलं, वेगळं काही घेतलं नाही. तरी अकरा आठवडे ते अकरा आठवडे. घाईचं काम असेल तर या दुकानात टाकू नका.

भरणाचा साठाही तोकडा आहे. शुद्ध सुती आणि सुती-पॉलिस्टरचं ऐंशी-वीस मिश्रण एवढंच नेहमी मिळतं, लोकरीचं कधीतरी. हलकं पॉलिस्टर त्या ठेवतच नाहीत, त्याचे तंतू काही दिवसांनी वरच्या कापडातून दाढीसारखे बाहेर येतात म्हणून. मान्य आहे, पण ज्याला हलकं आणि लवकर वाळणारं हवंय, त्याला दुसरीकडे जावं लागतं. मशीनवर मोकळ्या हाताने नक्षी शिवायचा वर्गही मला आवडला नाही. मशीनमधले कापड पुढे सरकवणारे दाते खाली पाडायचे आणि कापड स्वतः फिरवायचं, हे बाई इतक्या भराभर दाखवतात, की आपण पहिलं वळण बघेपर्यंत त्या तिसऱ्यावर असतात. नवशिक्यांचा पहिला वर्ग मात्र डोळे मिटून घ्या.

माझी पहिली गोधडी त्याच वर्गात झाली. नऊ चौकोनी नमुना, निळा आणि पांढरा. प्रत्येक कोपरा प्रत्येक कोपऱ्याला भिडलेला. शिवणी एका ओळीत डावीकडे आणि पुढच्या ओळीत उजवीकडे दाबल्या की जोडावर एकमेकींत खाचेसारख्या बसतात, ते कळल्यावर मी थांबलोच नाही. तिरप्या पट्टीचा गोट, चारही कोपरे पंचेचाळीस अंशांत. पूर्ण झाल्यावर माप घेतलं, साठ बाय साठ, कुठेही एक सोळांशपेक्षा जास्त फरक नाही. टेबलावर पसरली. आजींनी हात फिरवला आणि म्हणाल्या, “इन्स्पेक्टर, ही अंगावर घ्यायची की भिंतीला टेकून उभी करायची?” मी शिवणी फार जवळजवळ घातल्या होत्या, त्यामुळे ती पुठ्ठ्यासारखी झाली होती. “धुवा आता,” बाई म्हणाल्या.

धुतली. आत सुती भरण होतं, ते पाण्यात आकसलं, वरचं कापड त्याच्यामागून चुरगळलं. साठची साडेसत्तावन्न झाली. माझ्या सगळ्या सरळ रेघा लाटा झाल्या, माझे कोपरे कुठे आहेत ते शोधावं लागत होतं. फायनल इन्स्पेक्शन झालेला जॉब आकसला! मी पडल्या चेहऱ्याने ती टेबलावर टाकली आणि टेबलावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाई तर ती गुंडाळून दहा मिनिटं झोपल्या. मला अजून कळलेलं नाही, की मग आधी एवढा पाव इंच कशासाठी सांभाळायचा. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “चुरगळायलाही काहीतरी सरळ लागतं काका.” हेही मला पूर्ण पटलेलं नाही.

काउंटरच्या मागच्या भिंतीवर एक मोठं छायाचित्र आहे. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांनी शिवलेली गोधडी, २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अशा गोधड्या मांडल्या होत्या. शेतात आणि कामावर घालून विरलेल्या कपड्यांच्या पट्ट्या. एकही रेघ सरळ नाही, एकही कोन काटकोन नाही. खुर्चीत बसायचो तेव्हा बरोबर डोळ्यांसमोर यायची आणि मी मनातल्या मनात ती रिजेक्ट करायचो. दर शनिवारी. पण दीड वर्षात दुसरं काही बघावंसंही वाटलं नाही. सध्या मी कारखान्यातल्या जुन्या निळ्या डांगऱ्यांची गोधडी करतोय. गुडघ्यांवरचे तेलाचे डाग तसेच ठेवलेत. पट्टी घरी ठेवून येतो, निदान तसं सांगतो.

पाचापैकी चार तारे. एक दिव्याचा आणि अकरा आठवड्यांचा मिळून कापला.

गेलात तर सकाळी जा, दारातून ऊन आत येतं. कापडाचा नमुना बरोबर न्या. आणि सीम रिपर स्वतःचा न्या. टेबलावरचा परवा माझ्या हातून मोडला, डांगरीच्या जाड शिवणीत. मी तो तसाच जोडून डब्यात ठेवलाय, बाईंना अजून सांगितलेलं नाही.